जीप डिझेलवर कशी गेली?

"फोर बाय फोर घ्यायची आहे, डिझेल घेऊ की पेट्रोल?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर पडतोच. मग खाली दीडशे कमेंट. कोणी टॉर्क सांगतो, कोणी मेव्हण्याच्या गाडीचं अॅव्हरेज, कोणी "डिझेलशिवाय घाट चढत नाही भाऊ" म्हणून मोकळा होतो. सगळं ठीक आहे. पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलत नाही. आपल्या देशात चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत कुठलं इंजिन असावं, हे डोंगरानं किंवा चिखलानं फार कमी वेळा ठरवलंय. ते ठरवलं दिल्लीतल्या इंधनाच्या दरपत्रकानं. आणि त्या दरपत्रकाचे पैसे जीप घेणाऱ्यानं कमी आणि जीप न घेणाऱ्यांनी जास्त भरले.

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवातीला जीप पेट्रोलचीच होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची बहुतेक वाहनं पेट्रोलवर चालायची, त्यामुळे विलीजची जीपही तशीच. २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ६० हॉर्सपॉवर. त्या काळातलं डिझेल इंजिन म्हणजे अगडबंब लोखंड. चार माणसांनी उचलून खड्ड्यातून काढता येईल अशा हलक्या गाडीत ते बसवायचा विचार कोणी कशाला करेल?

हीच जीप आपल्याकडे आली. अमेरिकेत भारताच्या पुरवठा मिशनचं काम पाहून परतलेले के. सी. महिंद्रा, त्यांचे भाऊ जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी काढली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इकडे कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास सुट्या भागांत आलेल्या जीप मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात झाली. (त्याच काळातला लंडनचा जीप घोटाळा हा वेगळाच विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.)

आपल्या पिढीनं सरकारी कचेऱ्यांच्या आवारात पाहिलेली महिंद्राची उंच नाकाची जीप आठवते? ती सीजे-३बी. तिचं बॉनेट एवढं उंच का, माहितीये? विलीजनं तिच्यात हरिकेन नावाचं नवं पेट्रोल इंजिन घातलं, ते जुन्यापेक्षा उंच होतं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेटच वर उचललं. म्हणजे ज्या चेहऱ्याला आपण पुढे डिझेल जीपचा चेहरा समजलो, तो पेट्रोल इंजिनानं दिलेला होता.

तहसीलदार, पाटबंधारे, वन खातं, पोलीस, बडे बागायतदार, साखर कारखान्याचे संचालक, सगळे याच पेट्रोल जीपमध्ये फिरले. १९६५ च्या युद्धात खेमकरणला अब्दुल हमीद यांनी ज्या जीपवरच्या तोफेनं पाकिस्तानी रणगाडे फोडले, तीही याच घराण्यातली. लिटरला सात-आठ किलोमीटर पडले तरी फारशी कुरकुर नव्हती, कारण पेट्रोल स्वस्त होतं आणि जीप असलेली माणसं मोजकी होती.

मग १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब-इस्रायल युद्ध, तेलाची नाकेबंदी. काही महिन्यांत कच्चं तेल पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होतं ते बाराच्या घरात गेलं. इंदिरा गांधींच्या सरकारनं पेट्रोल आणि रॉकेलचे भाव वाढवले. १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. ती चित्रफीत दर भाववाढीला तुमच्या मोबाइलवर येते, तीच ही.

त्या दिवसांपासून सरकारच्या डोक्यात एक वाटणी पक्की बसली. पेट्रोल म्हणजे श्रीमंताच्या मोटारीचं आणि स्कूटरवाल्याचं इंधन, त्यावर कर लावा. डिझेल म्हणजे ट्रक, एसटी, रेल्वे आणि शेतकऱ्याचा पंप, ते स्वस्त ठेवा. १९७३ च्या हिशेबानं ही वाटणी चुकीची नव्हती. डिझेलवर चालणारी मोटार आपल्याकडे जवळपास नव्हतीच. डिझेल महागलं की गावचा भाजीपाला महागायचा, सरळ गणित.

पण भाव नुसते बिल वाढवत किंवा कमी करत नाहीत, ते माणसाला रस्ताही दाखवतात. पेट्रोल जीप असलेल्या माणसानं पंपावरचे दोन आकडे बघितले आणि तो थेट गॅरेजला गेला. तिथून पुढे जे घडलं त्याचा सरकारी दप्तरात हिशेब सापडायचा नाही, पण जुन्या मिस्त्रींना विचारा. विलीजचं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि मिळेल ते डिझेल इंजिन बसवायचं, हा देशभर मोठा धंदा झाला. कुठे ट्रॅक्टरचं, कुठे टेम्पोचं, कुठे नदीकाठच्या पंपाला शोभेल असलं. माउंटिंग तोडून वेल्डिंग, गिअरबॉक्सला मधे प्लेट, चेसिसला पट्टी. गाडी अशी थरथरायची की आरसा बघून भांग पाडता येणार नाही. पण चालायची, आणि खिशाला परवडायची. मग आरटीओत जाऊन पुस्तकावर इंधनाच्या रकान्यात बदल करून घ्यायचा.

कंपनीही तेच करत होती, फक्त नीट. महिंद्राकडे ट्रॅक्टर होते. १९६३ मध्ये शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर काढलेली भागीदारी कंपनी १९७७ मध्ये महिंद्रातच विलीन झाली. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपच्या नाकाखाली गेलं. नांगरासाठी बनलेलं इंजिन ते. वेग नाही, आवाज भरपूर, पण पहिल्या गिअरला टाकून क्लच सोडला की भिंतही ढकलेल. शेतकऱ्याला त्याचा आवाज ओळखीचा होता, मिस्त्री ओळखीचा होता, सुटे भाग तालुक्याला मिळत होते. माझ्या मते जीप खऱ्या अर्थानं गावाची झाली ती इथे.

१९७९ मध्ये महिंद्रानं फ्रान्सच्या प्युजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. एक्सडीपी ४.९० असं त्याचं नाव. ४ म्हणजे सिलिंडर चार, ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २.१ लिटर. इंजिन बनवायचा कारखाना उभा राहिला इगतपुरीला. कसारा घाट चढून गेलात की उजव्या-डाव्या हाताला धुकं आणि मधे इंजिनाचा कारखाना! प्युजो इंजिन ट्रॅक्टरवाल्यापेक्षा बरंच सभ्य होतं. जीपची एमएम ५४० आणि तिची पुढची भावंडं याच इंजिनावर वाढली. तिकडे पुण्यात आकुर्डीला बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्याचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन बनवायला घेतलं होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी ते ट्रॅक्समध्ये बसलं. म्हणजे देशाच्या डिझेल जीपचे दोन मोठे पाय महाराष्ट्रातच, एक इगतपुरीत आणि एक पिंपरी-चिंचवडमध्ये.

आणि मग आलं वडाप.

पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, वडाप म्हणजे शिटा भरून चालणारी जीप. मराठवाड्यात, विदर्भात काळी-पिवळी म्हणतात. एसटी दिवसातून दोनदा येणार त्या गावाला दर अर्ध्या तासाला कमांडर किंवा ट्रॅक्स. आत दहा-बारा, मागच्या फळीवर तीन, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक, म्हणजे ड्रायव्हर गाडीच्या मधोमध! कायद्यानं हे सगळं बसत नव्हतं आणि एसटीचं उत्पन्न त्यानं खाल्लं हेही खरं. पण बाळंतीण दवाखान्यात गेली, पोरगी कॉलेजला गेली, दूध डेअरीला गेलं ते याच गाडीतून. हे सगळं फक्त स्वस्त डिझेलवर उभं होतं. पेट्रोलवर वडाप एक दिवस चाललं नसतं.

गंमत म्हणजे यातल्या बहुतेक गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह नव्हतंच. पुढचं डिफरन्शियल म्हणजे जास्तीचं वजन, जास्तीचा खर्च. वडापवाल्याला मागची दोन चाकं पुरेशी होती. त्यामुळे १९९० च्या दशकात जीप म्हणजे डिझेल हे समीकरण पक्कं झालं आणि जीप म्हणजे फोर बाय फोर हे हळूहळू विसरलं गेलं. जीपचं रूप राहिलं, तिचं मूळ काम मागे पडलं.

आता तुम्ही म्हणाल, भाव-बिव ठीक आहे, पण डिझेल इंजिन मुळातच अशा कामाला चांगलं नाही का? आहे की! दगडातून, चढावर गाडी काढताना कमी आरपीएमला ओढ लागते, ती डिझेलला जास्त. स्पार्क प्लग नाही, डिस्ट्रिब्युटर नाही, कॉइल नाही. त्यामुळे ओढ्यात गाडी घातली की पाणी उडून इंजिन भिजून बंद पडायची भीती जुन्या पेट्रोल जीपला होती, तेवढी डिझेलला नव्हती. हवा घ्यायचं तोंड पाण्याच्या वर ठेवलं की झालं. टाकीतलं तेल पेट्रोलसारखं भडकत नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. डिझेल इंजिन जड, आणि ते वजन नाकावर. वाळूत, दलदलीत पुढची चाकं आधी रुततात. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टर चोंदतो. लडाखमध्ये हिवाळ्यात ड्रायव्हर टाकीखाली शेगडी धरायचे ही दंतकथा नाही. तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलनं आणलं ते २०१९ च्या नोव्हेंबरात.

म्हणजे इंजिनाच्या गुणांवर ठरवायचं तर सामना बरोबरीचा. मग तराजू भावानंच झुकवला, हे कशावरून म्हणायचं? यासाठी आपल्याकडे एक छान पुरावा आहे. पंपावरच्या दराची ज्याला फारशी फिकीर नाही असा एक मोठा गिऱ्हाईक याच देशात होता. भारतीय लष्कर.

लष्करानं काय घेतलं बघा. १९६९ पासून जबलपूरच्या कारखान्यात जोंगा बनायची. निसान पेट्रोलचा परवाना (ही 'पेट्रोल' म्हणजे गस्त, इंधन नव्हे!) आणि इंजिन सहा सिलिंडरचं, जवळपास ४ लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. तेल अक्षरशः प्यायची. खाजगी माणसानं ती स्वप्नातही पोसली नसती, पण लष्करानं तीसेक वर्षं वापरली. मग मारुती जिप्सी. १९८५ मध्ये आली, ९७० सीसीचं चिमुकलं पेट्रोल इंजिन, वजनाला हलकी. १९९१ पासून लष्करानं ती घ्यायला सुरुवात केली आणि तीस हजारांहून जास्त घेतल्या. थंडीत चटकन चालू होते, आवाज कमी, चिखलातून चार जवान उचलून काढतात. महिंद्राच्या डिझेल जीपही लष्करात होत्या, नाही असं नाही. पण हलक्या गाडीच्या वर्गात पेट्रोल तिथे दशकानुदशकं टिकलं. २०१७ मध्ये लष्करानं टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ डिझेल गाड्यांची ऑर्डर दिली. पण तेव्हा मागणीच बदलली होती: ८०० किलो भार, टणक छप्पर, एसी.

त्याच जिप्सीचं खाजगी बाजारात काय झालं? पोलीस, रॅलीवाले, हौशी मंडळी सोडली तर कोणी विचारलं नाही. ज्याला तेल स्वतःच्या खिशातून भरायचं होतं तो महिंद्राच्या दुकानात गेला. ताडोब्यात, पेंचमध्ये मात्र सफारीच्या उघड्या जिप्सी पेट्रोलवरच फिरत राहिल्या. वाघासमोर प्युजो इंजिन खडखडवून चालत नाही ना.

एकच देश, तेच घाट, तीच वाळू. ज्यानं तेलाचे पैसे खिशातून दिले नाहीत त्यानं बऱ्याचदा पेट्रोल निवडलं, ज्यानं दिले त्यानं डिझेल. माझ्या लेखी हा पुरावा पुरेसा आहे.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. शेतकऱ्याला स्वस्त जीप, गावाला वडाप. २००० नंतर ती बिघडली.

२००२ च्या एप्रिलमध्ये सरकारनं इंधनाचे भाव ठरवायची जुनी पद्धत कागदावर बंद केली. त्याच वर्षी जूनमध्ये स्कॉर्पिओ आली. स्कॉर्पिओ पेट्रोलमध्येही मिळायची, रेनोचं इंजिन होतं. आठवते का कोणाला? नाहीच आठवणार. डिझेल स्कॉर्पिओ मात्र आमदाराच्या ताफ्यापासून बिल्डरच्या साइटपर्यंत सगळीकडे पोचली. शेतकऱ्यासाठी धरलेल्या भावात आता एसी लावून शहराच्या सिग्नलवर उभी राहणारी गाडी धावत होती.

२६ जून २०१० ला पेट्रोलचे भाव बाजारावर सोडले. डिझेलचे नाही. पुढची चार वर्षं या गोष्टीचा कळस. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं आणि डिझेल ४१ च्या खाली होतं. तीस रुपयांहून जास्त फरक! साधं गणित करा. पेट्रोल गाडीचं अॅव्हरेज साडेनऊ आणि तशाच डिझेल गाडीचं साडेबारा धरलं, वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले, तर पेट्रोलला सुमारे ७७ हजार आणि डिझेलला ३३ हजार. निम्म्याहूनही कमी. असा भाव समोर असताना पेट्रोल जीप घेणारा माणूस एकतर फार हौशी किंवा फार श्रीमंत. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त तेव्हा डिझेलच्या होत्या. एसयूव्हीत तर पेट्रोल शोधावं लागायचं. महिंद्रानं २०१० मध्ये थार आणली तीही फक्त डिझेलमध्ये.

हा फरक कोण भरत होतं? तेल कंपन्या खरेदीपेक्षा कमी भावानं डिझेल विकत होत्या. २०१२-१३ या एका वर्षात डिझेलवरची ही तूट सुमारे ९२ हजार कोटी रुपये होती. काही सरकारनं तिजोरीतून भरली, काही ओएनजीसीसारख्या सरकारी कंपन्यांच्या गळ्यात मारली. दोन्ही आपलेच पैसे.

आणि हे डिझेल जात कुठे होतं? पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन विभागानं नील्सनकडून देशभर पाहणी करून घेतली, ती २०१४ च्या जानेवारीत बाहेर आली. संपूर्ण शेतीला, म्हणजे ट्रॅक्टर, पंप, अवजारं सगळं धरून, डिझेलचा १३ टक्के वाटा. खाजगी मोटारी आणि एसयूव्हींना १३ टक्क्यांहून किंचित जास्त. भाड्यानं चालणाऱ्या मोटारी आणि जीप धरल्या तर २२ टक्के. शेतकऱ्याच्या नावानं जे स्वस्त ठेवलं, त्यातलं शेतकऱ्याला जेवढं मिळालं तेवढंच कारवाल्यांना मिळालं.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. किरीट पारिख समितीनं २०१० च्या फेब्रुवारीत सांगितलं होतं, डिझेल मोटारीवर ८० हजार रुपये जादा कर लावा, म्हणजे स्वस्त डिझेलचा फायदा आधीच वसूल होईल. सल्ला साधा आणि बिनतोड होता. बाजूला ठेवला गेला. २०१३ च्या बजेटमध्ये चिदंबरम यांनी एसयूव्हीवरचा अबकारी कर २७ चा ३० टक्के केला. पण तो गाडीच्या लांबीवर, इंजिनाच्या आकारावर आणि जमिनीपासूनच्या उंचीवर होता. इंधनावर नाही. मूळ दुखण्याला हात लावायचा नाही हे ठरलेलं, कारण डिझेल कारखाने ज्यांनी नुकतेच उभे केले होते ते काही लहान लोक नव्हते.

जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवून पहिल्या गटात टाकला. आपल्याकडे ती बातमी आतल्या पानावर गेली. तेव्हाच्या बीएस-४ नियमात डिझेल मोटारीला पेट्रोलच्या तिप्पट नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, किलोमीटरला ०.२५ ग्रॅम विरुद्ध ०.०८. जीपसारख्या जड गाडीला त्याहून जास्त. म्हणजे तेलावरही सवलत आणि धुरावरही.

मग हवा फिरली, आणि फिरली ती एकदम. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नास पैशांनी वाढवायला सुरुवात झाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही बाजारावर सोडलं. एप्रिल २०१५ मध्ये हरित लवादानं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी केली. १६ डिसेंबर २०१५ ला सुप्रीम कोर्टानं दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणीच थांबवली. महिंद्रानं महिन्याभरात १.९९ लिटरचं इंजिन बाजारात आणलं! कायदा दोन लिटरवर, आम्ही त्याच्या खाली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क घेऊन ती बंदी उठली. दहा वर्षांचा नियम मात्र राहिला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायम केला. नंतर ते प्रकरण कोर्टात आणि सरकारदरबारी पुढे-मागे होत राहिलं.

यात भरडला कोण? सवलतीच्या काळात, सरकारचंच दरपत्रक बघून, सात वर्षांचं कर्ज काढून डिझेल गाडी घेतलेला माणूस. पंधरा वर्षांचा रोड टॅक्स भरलेला. त्याची गाडी दहाव्या वर्षी दिल्लीत भंगार. मग अशा गाड्या मिळेल त्या भावात दुसऱ्या राज्यांत गेल्या. दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी म्हणून आपल्याकडेही आल्या. धूर नाहीसा झाला नाही, त्यानं पत्ता बदलला.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. डिझेलला धुराची काजळी अडवणारा फिल्टर आला, नायट्रोजन ऑक्साइडसाठी वेगळी यंत्रणा आली, इंजिन महागलं. मारुतीनं डिझेल बनवणंच सोडलं. २४ जून २०२० ला दिल्लीत डिझेल इतिहासात पहिल्यांदा पेट्रोलपेक्षा महाग झालं, थोडे दिवसच, पण झालं. आणि २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली, डिझेल आणि पेट्रोल दोन्हीत. सत्तरच्या दशकात जे दार बंद झालं होतं ते उघडलं.

उघडलं, पण पूर्ण नाही. आज दुकानात जाऊन बघा. थारला फोर बाय फोर दोन्ही इंधनांत मिळतं. पण थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन यांना फोर बाय फोर हवं असेल तर डिझेलच. गुरखा फक्त डिझेल. जिम्नी फक्त पेट्रोल. म्हणजे "डिझेल की पेट्रोल" हा प्रश्न तुम्ही गाडी निवडता तेव्हाच बऱ्याच अंशी सुटलेला असतो.

भावाचं गणितही सौम्य झालंय. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल साधारण १०३ आणि डिझेल ९० रुपये. मघाचेच दहा हजार किलोमीटर धरले तर पेट्रोलला एक लाख आठ हजार, डिझेलला ७२ हजार. फरक ३६ हजारांचा आहे, पण आता डिझेल निम्म्यात नाही, दोन तृतीयांशात पडतं. त्यातून डिझेलची जादा किंमत वजा करा. महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्सही दोन टक्के जास्त आहे, पेट्रोलला ११ ते १३, डिझेलला १३ ते १५. आणि गाडी रोज फक्त मुलांना शाळेत सोडायला निघत असेल तर तो काजळीचा फिल्टर चोंदतो. तो साफ व्हायला लांब पल्ला, गरम इंजिन लागतं. ज्याचं रोजचं फिरणं साठ-सत्तर किलोमीटरचं, मागे ट्रॉली, घाटाचा रस्ता, त्यानं आजही डोळे मिटून डिझेल घ्यावं. रविवारी राजमाचीला जायचं आणि सोमवार ते शनिवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये, त्यानं पेट्रोल घ्यावं. माझं मत विचाराल तर इतकंच.

पेट्रोलवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये उष्मांक पेट्रोलच्या जवळपास एक तृतीयांशानं कमी. नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहिलंय की अशा इंधनासाठी न बनलेल्या चारचाकीचं अॅव्हरेज सहा-सात टक्के घसरू शकतं. इथेनॉल मिसळलं म्हणून पंपावर लिटरमागे सवलत मिळाली का? नाही. हे इथेनॉल कुठून येतं? काही आपल्याच उसातून. एकेकाळी ज्या कारखान्याचे संचालक स्वस्त डिझेलच्या जीपमधून फिरले, तेच आता पेट्रोलच्या टाकीत माल घालतायत.

आणि कराची रेघ अजूनही इंधन बघूनच ओढलेली आहे. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात चार मीटरच्या आतल्या गाडीला १८ टक्के, मोठीला ४०. पण लहान म्हणायला पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत हवं आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत चालतं. त्यामुळे १.५ लिटरची डिझेल थार १८ टक्क्यांत बसते आणि तेवढ्याच लांबीची १.५ लिटरची पेट्रोल जिम्नी ४० टक्क्यांत जाते. त्या १८ टक्क्यांवाल्या थारला फोर व्हील ड्राइव्ह मात्र नाही.